मिशीवाले

“मिशीवाल्यांना जाळीने धरायचं नाही हां. वाटीने धरायचं. वाटी आडवी करून तळाशी ठेवायची आणि गप बसायचं. ते आपल्या पायाने आत येतात. ओढाताण केलीस की काटे उभे करतील. माणसासारखेच आहेत.”

“माशांना पाय असतात हे तुमच्याकडूनच ऐकलं,” असं बायको तेव्हा म्हणाली होती.

सांगणारा तो आवाज आता घरात नव्हता. आवाजाचा धनी होता, खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर टॉवेल आणि उजवा हात उशीवर ठेवलेला. जन्मभर त्याने कारखान्यात यंत्रं जुळवली. तिथे त्याला फिटर म्हणत, आणि ते नाव त्याच्या मागोमाग घरापर्यंत आलं ते कायमचं. निवृत्तीनंतर हौसेने टाकी घेतली, मासे आणले, आणि वर्ष-दीड वर्ष जातं न जातं तोच अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जाताना वाचा घेऊन गेली. घशातला एक ‘अं’ तेवढा मागे राहिला. पाणी हवंय, पंखा बंद कर, पाठीला खाज सुटली, हे सगळं त्या एका ‘अं’मध्ये बसवायचं. कुठला ‘अं’ कशाचा, ते ओळखायचं काम बायकोच्या वाट्याला आलं होतं. ‘हो’ म्हणायचं असेल तर तो डोळे मिटायचा, एवढीच काय ती सोय.

बायकोला तो लख्खबाई म्हणायचा. ती हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत कामाला होती. घासायची, उकळायची, वाफेच्या यंत्रातून काढायची, पुन्हा उजेडात धरून बघायची. तीच सवय घरी. पेले असे की त्यांत तोंड दिसावं, नळाच्या तोट्या असल्या की पाहुण्याला हात लावायची भीती वाटावी. “हिच्या हाती चंद्र देऊ नका,” फिटर मित्रांना सांगायचा, “डाग घासून परत देईल.” ती नुसती हसायची. बोलणं बेताचं, आवाज खालचा. पहाटे उठून देवापुढे घटकाभर बसल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि या गोष्टीचा गवगवाही कधी करायची नाही.

घरी फक्त एका कोपऱ्यात तिचा हात पोचत नव्हता. तो म्हणजे टाकी. ती फिटरची. तिच्यात सहा मासे होते, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर चिलखतासारख्या पट्ट्या आणि ओठांवर आखूड मिशा. दिवसभर तळाच्या वाळूत तोंड खुपसून कणकण वेचत फिरायचे. मधूनच एखादा सुळकन वर जायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली. सगळ्यांत मोठ्याचं नाव फिटरने ‘फोरमन’ ठेवलं होतं. कारखान्यातल्या खऱ्या फोरमनच्या मिशा म्हणे अश्शाच होत्या, आणि कामही तेच, दुसऱ्याच्या पुढ्यात तोंड घालायचं.

हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा फिटर जेवेना. चमचा पुढे केला की ओठ घट्ट. लेकीचा फोन आला की नळी घालावी लागेल का, एवढंच ती परगावाहून विचारायची. एकदा केर काढताना बायकोने खुर्ची जरा फिरवली आणि त्याचं तोंड टाकीकडे झालं. तळाशी फोरमन पोरांची फौज घेऊन निघाला होता. फिटर बघत राहिला. तिने सहज चमचा पुढे केला, आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून त्याचं जेवण टाकीपुढेच. एका घासाला एक मासा. डाव्या हाताची बोटं दुमडत तो त्यांना मोजायचा, सहा भरले की पुन्हा पहिल्यापासून. बोलायचा सराव करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, “त्यांचं मन कशात तरी आहे, ते तिथेच असू द्या. हा धागा सुटला तर पुढे काय धरायचं ते मलाही माहीत नाही.”

मासे जगले तर हा जेवेल, जेवला तर जगेल, इतका साधा हिशेब तिने मनाशी बांधून ठेवला. लोक संकटात देव पाण्यात घालून बसतात. तिचा देव आधीच पाण्यात होता, मिशा हलवत.

आणि जिवाला जपायचं म्हटल्यावर लख्खबाईला एकच रीत ठाऊक होती.

सुट्टीच्या दिवशी ती बाह्या सारून टाकीपुढे बसली. पाणी गाळणाऱ्या यंत्राचं झाकण काढलं, तर आतला स्पंज काळाठिक्कर, बुळबुळीत, हात लावला की तपकिरी गाळ सुटणारा. या घाणीतून गाळलेलं पाणी हे बिचारे पितात. हत्यारांच्या खोलीत असं फडकं कुणी ठेवलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

“अं,” फिटर म्हणाला.

“आलेच हं.” तिने स्पंज पातेल्यात टाकला आणि गॅस पेटवला.

“अं. अं.” त्याने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. मग दुसरी. ती हात धुऊन लघवीचं भांडं घेऊन आली. त्याने ते ढकललं. भांडं घरंगळत सोफ्याखाली गेलं. “नाही ना झाली? मग राहू दे. चिडू नये असं.” पाण्याला उकळी फुटली होती. तिने ते ओतून दुसरं पाणी ठेवलं, कारण नियम दोन उकळ्यांचा. वाळू उपसून कडकडीत पाण्याने धुतली, काचा आतून पुसल्या. फिटरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या आजारात कारण नसताना रडू येतं असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिने पदराने त्याचे डोळे टिपले, कपाळावरचे केस सारखे केले, आणि पांढराशुभ्र झालेला स्पंज परत बसवला.

दिवसा फिटरजवळ बसायला त्याची धाकटी बहीण यायची. बोलायला फटकळ, पण जिवाला जीव देणारी. आल्या आल्या ती टाकीपुढे थबकली.

“वहिनी, काच आहे की काढून टाकलीस?”

“नीट धुतली, वन्सं. स्पंजही उकळून घेतला.”

“आमच्याकडे पण ये एकदा. आमच्या ह्यांना घाल पातेल्यात, उकळी फुटू दे.”

बायको हसली. फिटर हसला नाही.

चार-पाच दिवसांनी फोरमन सारखा वर जाऊ लागला. एक घोट घेऊन खाली येतो न येतो तोच पुन्हा वर. मग बाकीचेही. त्यांचा तो सुळकांडीचा खेळ तिला आधी गमतीचा वाटला. नंतर जेवण भरवताना तिने वाकून पाहिलं, तर पोटाच्या कडेला लाल डाग, सुईने टोचल्यासारखे. मिशांची टोकं झडलेली. एक मासा कुशीवर पडून कल्ल्यांची उघडझाप करत होता. फिटर बोटं दुमडत होता, पण पाचव्या बोटाशी थांबून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर नणंद दारातच उभी.

“वहिनी, रागावू नकोस. तो एक अगदी आडवा पडला होता गं. मला बघवेना. म्हटलं वेगळ्या पाण्यात काढावा, म्हणून ती जाळी घातली...”

पुढचं सांगायची गरज नव्हती. टाकीवर जाळी लटकत होती आणि जाळीच्या दोऱ्यांत काट्यासकट एक पर अडकून राहिला होता. ज्याचा तो पर, तो मासा कोपऱ्यात तिरका झाला होता, बगलेशी कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं दिसत होतं.

“सुटेचना. मी जरा हिसका दिला. दादा इतका ओरडला म्हणून सांगू.”

“असू दे, वन्सं.” वाटीची गोष्ट नणंदेला सांगायची राहून गेली होती, ती काही नणंदेची चूक नव्हती. “असू दे. मी दुकानात जाऊन येते.”

“मूठभर मीठ टाकून बघ. मिठासारखं औषध नाही.”

“विचारते.”

“आणि चहा घेऊन जा, कामावरून आलीस तशीच...”

“चहा सोडलाय मी. हे बरे होईपर्यंत.”

“हे म्हणजे कोण? दादा की मासे?” बायको पुन्हा चपला पायात सरकवू लागली. “अगं, देवाला तुझा चहा घेऊन काय करायचंय? त्याच्याकडे दूध नासून चाललंय का?”

माशांचं दुकान चार गल्ल्या सोडून होतं. दुकानदार ऐसपैस देहाचा, एका हाताने खाणं विकायचा आणि दुसऱ्या हाताने पाठ खाजवायचा. तिने सगळं सांगितलं. मिठाचं नाव निघताच त्याने मान हलवली.

“मीठ नको. दुसऱ्यांना चालतं, यांना सोसत नाही. खवले नाहीत ना अंगावर, नुसत्या पट्ट्या. औषध देईन तेसुद्धा निम्म्या मात्रेत घालायचं. काय काय बदललंत टाकीत?”

“काहीच नाही. उलट स्वच्छ केली.”

“स्पंज पिळलात?”

“उकळून घेतला. दोनदा.” हे सांगताना तिचा स्वर किंचित ताठ झाला होता.

दुकानदाराने पाठ खाजवायची थांबवली. “ताई, तुम्ही विरजणाचं भांडं उकळत्या पाण्याने घासलंत आणि दही लागायची वाट बघत बसलात. मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात घाण करतात. ती घाण पचवणारे बारीक जीव त्या मळात वाढतात. महिनेन् महिने लागतात वाढायला. तो मळ होता म्हणून मासे होते. आता ते आपल्याच...” त्याने तिच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. “करतात हो पुष्कळ जण असं. बसा, चहा सांगतो.”

“चहा नको.”

त्याने आपल्या एका टाकीतला मळका स्पंज कापून तुकडा पिशवीत बांधून दिला, वर निळ्या औषधाची बाटली. “हा तुमच्या यंत्रात बसवा. धुऊ मात्र नका, पाया पडतो. रोज थोडं थोडं पाणी बदला, रात्रभर भरून ठेवलेलं शिळं पाणीच घाला. जखमीला वेगळ्या टबात ठेवा, खाली वाळू नको, वर फडकं टाका. उजेडाला घाबरतात. बाकी...” तो खांदे उडवणार होता, ते त्याने आवरलं असावं.

परतताना फुटपाथवर तिचे पाय थांबले. माणसं तिला वळसा घालून जात राहिली. खुर्चीच्या दांड्यावरच्या त्या थापा तिला आता ऐकू आल्या, एकामागून एक. तो लघवीचा ‘अं’ नव्हता. आख्ख्या घरात ज्याला कळत होतं त्याला बोलता येत नव्हतं, आणि जिला हातपाय होते तिने त्याच्यासमोर, त्याचे डोळे पुसून, ते काम पुरं केलं होतं.

घरी येऊन तिने पिशवी सोडली. स्पंजातून काळं पाणी गळत होतं, वास येत होता. इतक्या वर्षांत तिच्या हाताने अशी वस्तू कधी आत नेली नव्हती, नेहमी बाहेर टाकली होती. तिने ती दोन्ही हातांनी यंत्रात बसवली. मग वाटी आडवी करून टाकीच्या तळाशी धरली आणि गप बसली. हात थंड पडला, कोपरापासून मुंग्या आल्या. पर तुटलेला मासा बऱ्याच वेळाने, एका बाजूला कलत, वाटीत शिरला.

पुढचे दिवस तिने जशी हत्यारं मोजून द्यावीत तशी शुश्रूषा केली. औषध ड्रॉपरने, थेंब मोजून, बरोबर निम्म्या मात्रेत. टबावर ओलं फडकं. हवेची नळी अशी की बुडबुडे जखमेवर येऊ नयेत. बादल्या रात्री भरून ठेवायच्या, पहाटे देवापुढून उठलं की आधी टाकीचं पाणी बदलायचं. देवापुढे काही मागायची तिला सवय नव्हती. आता मागत होती, आणि मागताना लाज वाटत होती, कारण आग लावणारा आणि पाणी मागणारा हात एकच होता.

पण विरजण लागायला वेळ लागतो, आणि माशांकडे वेळ नव्हता. पहिला मासा टाकीतल्या पाणवनस्पतीच्या मुळाशी सापडला. दुसऱ्याला बाकीच्यांनी कोरलेलं होतं. तिने ते चमच्याने काढले, फिटरची खुर्ची आधी खिडकीकडे फिरवून. त्याला कळू नये म्हणून. परत टाकीकडे फिरवल्यावर तो बोटं दुमडायचा आणि तिसऱ्या बोटावर थांबून तिच्याकडे बघायचा.

“दुकानात ठेवलेत औषधाला,” नणंदेने एकदा ठोकून दिलं. “दोन दिवसांत येतील, दादा. खा तू.”

त्याने बहिणीकडे असं पाहिलं की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मग आणखी दोघे गेले, आणि शेवटी फोरमन गेला त्या दिवशी फिटरने तोंड उघडलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. मऊ भात थंड झाला, तिने गरम केला, पुन्हा थंड झाला. टाकीकडे तोंड केलं तर तो डोळे मिटायचा, आणि ते मिटणं ‘हो’चं नसायचं. बोलायचा सराव घेणाऱ्या बाई आल्या, टाकीकडे बघून थबकल्या, नेहमीची चित्रं त्यांनी पिशवीतून काढलीच नाहीत.

“वहिनी, नवे आणू,” नणंद म्हणाली. “सहाच्या जागी दहा आणू. त्याला काय कळतंय?”

“त्यांना सगळं कळतं, वन्सं. आपल्यालाच कळत नाही.”

नणंदेने थंड झालेला भात उचलून आत नेला.

राहिला एकच, टबातला. त्याच्या बगलेवरचं पांढरं गेलं होतं, जखम भरून आली होती. सगळ्यांत आधी जाईल असं ज्याच्याबद्दल वाटलं होतं, तो तेवढा उरला, कदाचित वेगळ्या पाण्यात होता म्हणूनच. तिने त्याला मोठ्या टाकीत सोडलं, आता पाणी निवळलं होतं. तो तळाशी फिरला नाही. काचेतल्या आपल्याच प्रतिमेशी तोंड लावून उभा राहिला, मग दुसऱ्या बाजूच्या काचेशी. वाळूत पडलेला दाणा तसाच विरघळून गेला.

संध्याकाळी नणंद घरी गेल्यावर ती फिटरच्या पायाशी खाली बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही सांगत होतात ना मला? स्पंज धुऊ नकोस म्हणून?”

फिटरने डोळे मिटले. उघडले. हे मात्र ‘हो’ होतं.

तिने त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. रडली नाही, रडण्याचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटलं नाही. थोड्या वेळाने तिच्या डोक्यावर त्याचा डावा हात आला. तो माफीचा होता की नुसता टेकायला जागा म्हणून, हे तिने ठरवायचा प्रयत्न केला नाही. या घरात हाताचे अर्थ लावण्यात तिचा हात फार चुकला होता.

मग तो हात उठला. एक बोट उभं राहिलं. ते बोट त्याने टाकीकडे केलं, त्या एकट्याकडे. मग दाराकडे. पुन्हा टाकीकडे, पुन्हा दाराकडे.

या वेळी तिने घाई केली नाही. भांडं आणलं नाही, पाणी आणलं नाही. बोट थकून खाली येईपर्यंत ती बघत राहिली.

“एकट्याला ठेवू नको म्हणताय? त्याच्यासारखे जिथे असतील तिथे सोडून येऊ?”

डोळे मिटले, उघडले.

“आणि तुमच्यापुढे काय राहील मग?”

डोळे उघडेच.

“दुसरे आणू का? वन्सं म्हणतात तसे?”

डोळे उघडेच.

“मी आहे,” ती म्हणणार होती, पण ते शब्द तिला फार थोडे वाटले. ती आधीही होतीच. “उद्या नेते त्याला,” ती म्हणाली. “दुकानात यांचा मोठा घोळका आहे, मी पाहिलाय. विकायचा नाही असं सांगून सोडते. शब्द देते तुम्हाला.”

त्याने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. तिने चमचा ओठांशी नेऊन पाहिला. ओठ हलले नाहीत.

सकाळी देवापुढे ती बसली, पण मागायला काही सुचलं नाही, म्हणून नुसती बसून राहिली. नणंद वेळेआधीच आली. काही न विचारता पदर खोचून भावाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बायकोने झाकणाचा डबा घेतला, झाकणाला आधीच भोकं पाडून ठेवली होती. टाकीतलंच पाणी डब्यात भरलं, मासा त्यात आला. तो डब्याच्या तळाशी तिरका होऊन स्थिर झाला, कल्ले हळूहळू हलत होते.

“अहो, येते नेऊन,” ती म्हणाली.

फिटरने तोंड भिंतीकडे केलं होतं. ‘अं’सुद्धा आला नाही.

“जा तू,” नणंद हळूच म्हणाली. “मी आहे इथे.”

दार तिने आवाज न करता ओढून घेतलं. डबा पोटाशी धरून ती जिना उतरू लागली, पाणी हिंदकळू नये म्हणून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.